अंगावर न आलेला बर्फ

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी आम्ही घरचे पाच जण नांदेडात सिनेमाला गेलो, आणि घरी परतताना आमच्यात भांडणं लागली होती...

सिनेमा तोच, ज्यावरून सध्या सगळ्या ग्रुपवर लोक एकमेकांवर तुटून पडलेत. परका ग्रह, आकाशभर यानं, आणि थ्रीडी चष्मा लावला की बर्फाचं वादळ थेट अंगावर. लातूरजवळच्या मुरुडहून आई-अप्पा आले होते, म्हणून मी, माझा नवरा मन्मथ आणि लेक सृष्टी असा सगळा लवाजमा निघाला.

अप्पा म्हणजे माझे वडील. मुरुडात कापडाचं दुकान आहे, आणि सत्तरी ओलांडली तरी माल बघायला लातूरला मोटारसायकलवरच जाणार. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय चहा नाही, आणि कपाळावर भस्म लावल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल नाही.

सिनेमा सुटल्यावर गाडीत बसल्या बसल्या वाद सुरू झाला. मन्मथचं म्हणणं, ग्राफिक्स एक नंबर, पण स्टोरी कुठाय? सृष्टी म्हणे, स्टोरी घरी टीव्हीवर बघा की, इथे नुसतं डोळे भरून बघायचं असतं. आई सिनेमाभर मांडीवरचा बर्फ झटकत होती, त्यामुळे ती बेहद्द खूश. मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मला कुणीच आपल्या बाजूला धरेना.

आणि अप्पा म्हणाले, "उगं सपाट हाय. भिंतीवर चित्र हलल्यावानी."

सगळे हसलो. "भस्म लागलं आसंल चष्म्याला," आई म्हणाली. खरंच, थिएटरात ते सारखा चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसत होते... विषय तिथंच संपला.

माझा मात्र संपेना. मला मतांचा नाद आहे. कुणाला काय आवडलं यापेक्षा का आवडलं, हे खोदून विचारल्याशिवाय चैन पडत नाही. संध्याकाळी भजी तळता तळता मी एकेकाला धरलं... तुम्ही कुठे दचकलात? आई, मन्मथ, सृष्टी, तिघांनीही एकच जागा सांगितली. यानाचा पंख तुटून समोर येतो ती. दुपारपासून भांडणारी माणसं दचकली मात्र एकाच ठिकाणी, याची मला भारी गंमत वाटली.

अप्पांना विचारलं, तर म्हणाले, "पंख तुटला, खाली पडला. अंगावर कुठं आला?"

नाही आवडला, समजू शकते. पण आलाच नाही म्हणजे काय? आवडणं ज्याचं त्याचं असतं... येणं कसं ज्याचं त्याचं असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पूजेला बसले. डाव्या तळहातावर इष्टलिंग आणि त्यावर लागलेली नजर, हे मी लहानपणापासून बघत आलेय. तळहात बरोबर छातीसमोर, मान सरळ. त्या दिवशी मात्र हात उजवीकडे सरकलेला होता आणि मान डावीकडे वळलेली.

मी आईला खुणेनं विचारलं. ती कौतुकानं हळूच म्हणाली, "वर्ष झालं, आसंच बसतेत. लई तल्लीन होतेत आता."

मला मात्र कालचा सपाट सिनेमा आठवला.

पूजा उरकेपर्यंत कशीबशी थांबले. मग म्हटलं, अप्पा, उजवा डोळा हातानं झाका बरं, आणि दारात कोण उभं आहे सांगा. दारात सृष्टी होती, सॅक अडकवून, कॉलेजला निघालेली. अप्पा बघत राहिले...

"कुनीतरी हाय," म्हणाले. मग चष्मा काढून पुसला, लावला, पुन्हा पुसला. "भस्म बसतंय गं काचंवर. कवापासनं पुसायलोय."

वर्षभर हा माणूस काच पुसत होता. आणि तसाच, एका डोळ्यावर, हायवेच्या ट्रकांमधून लातूरला जात होता... घरात मान वाकडी झालेली दिसत होती आणि त्याला भक्ती म्हटलं जात होतं.

त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकला होता. आतला पडदा चांगला आहे, काढला की दिसेल, पण आता लांबवू नका, असं ते म्हणाले. थ्रीडीचंही त्यांनीच समजावलं. त्याला दोन्ही डोळे लागतात, एकाच डोळ्यानं बघणाऱ्याला ते सपाटच दिसणार.

अप्पा अडून बसले. लग्नसराई आहे, दुकानात कोण बसणार, दिवाळीनंतर बघू... आईनं अप्पांच्या सदऱ्यातली मोटारसायकलची चावी काढली, कमरेच्या पिशवीत टाकली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं.

परवा अप्पांनीच विषय काढला. "त्यो बर्फाचा सिनेमा हाय का गेला?" बघितलं, तर दुपारच्या एका शोला अजून टिकून होता.

काल आम्ही दोघंच गेलो. मी पडद्याकडे बघितलंच नाही, अप्पांकडे बघत बसले होते. पंख तुटला... आणि अप्पा दचकून खुर्चीत मागे सरले, माझा हात गच्च धरून. थोड्या वेळानं त्यांनी हळूच मांडीवरचा बर्फ झटकला. मला हसू आलं आणि रडूही आलं.

बाहेर आल्यावर न राहवून विचारलं, आता कसा वाटला?

"बर्फ झकास हाय," अप्पा म्हणाले. "बाकी जावई म्हनतेत त्येच खरं. ष्टोरी न्हाई."

हे लिहितेय तेव्हा बाहेरच्या खोलीत सृष्टी आजोबांशी कडाकडा भांडतेय. भांडू दे... हे मत त्यांनी दोन्ही डोळ्यांनी बघून बनवलंय.