दारात ठेवलेली अळंबी

ती घटना आठवली की आजही अळंबीच्या भाजीला माझा हात पुढे होत नाही. तेव्हा मी माणगावकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. श्रावणातल्या एका सकाळी पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, एक म्हातारा उलट्या करून बेशुद्ध पडलाय. गाव म्हणतंय, मेलेली बायको त्याला न्यायला आलीय."

रानातली अळंबी हुडकण्यात त्या बाईचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. उन्हाळ्यात ती वारली. मुलगा मुंबईला कामाला, घरात उरले सासरा आणि सून. म्हाताऱ्यानं अन्न जवळजवळ सोडलं आणि पडवीत मुक्काम हलवला. पावसाळ्यात मात्र पडवीच्या दारात पहाटे अळंबीचा पुडा दिसू लागला, थेट ती बांधायची तसा सागाच्या पानात बांधलेला. म्हातारा दाराकडे बघून "ठेव, घेतो" म्हणायचा आणि स्वतः रांधून जेवायचा. त्या वाटेनं माणसं जायची बंद झाली. पंचनाम्याला त्या उंबऱ्याशी बसलो तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला.

उरलेली अळंबी मुद्देमाल म्हणून घेतली. वारुळावरची खायची अळंबी लांब मुळासकट निघते. ही बुडाशी मोडलेली होती आणि छत्रीखाली विषारी जातीची हिरवट झाक होती. जन्मभर अळंबी वेचलेलं भूत अशी चूक करणार नाही. घरामागच्या उकिरड्यावर तसलीच उगवलेली दिसली, काही नुकतीच मोडलेली.

चौकशीत जो तो स्वतःची बाजू सांगत होता. सून एवढंच विचारायची, "मामंजी वाचतील ना?" महिला हवालदारांसमोर मी उकिरड्याचा विषय काढला तशी ती रडू लागली.

"माज्या हातचं खात नव्हते सायेब. सासूच्या नावानं तरी दोन घास जातील म्हनून पुडा ठेवायची. काल वारुळावर काय गावलं न्हाय, म्हनून उकिरड्यावरली ठेवली."

गाव तिला अटक करा म्हणून ठाण्यात येऊन बसलं. मी म्हाताऱ्याच्या शुद्धीवर येण्याची वाट पाहिली आणि रुग्णालयात जबाब घेतला.

"पुडा सून ठेवते, ह्ये मला पयल्यापासून ठावं हाय," तो म्हणाला.

"मग विषारी अळंबी ओळखू आली नाही?"

"आली की. पन पोर दाराआड उभी व्हती. मी बायकोनं आनलेली समजून खातो, असंच तिला वाटत व्हतं. टाकून दिली असती तर मला समदं ठावं हाय, ह्ये तिला कळलं असतं."

मी जबाब तसाच लिहून घेतला. तक्रार नाही असं सांगून त्यानं अंगठा दिला.

विषबाधेच्या तपासात आम्ही आधी वैर शोधतो. त्या घरात ते तसूभरही नव्हतं. जिव्हाळ्यापोटी गप्प राहणंही एकमेकांच्या जिवावर बेतू शकतं, हे मी त्या खाटेशेजारी शिकलो.