शेजारचं ताट

माझं वडूज ते सांगली म्हणजे काही परदेश नव्हे. विट्याला गाडी बदलली की झालं. पण ज्याला उंबरा ओलांडता येत नाही, त्याला सगळं लांबच.

आठवीत शाळा सोडलेली मी, सांगलीत एका निवृत्त शास्त्रज्ञ बाईंकडे राहते. त्यांचा स्वयंपाक बघते, त्यांना आंघोळ घालते, त्यांना मॅडम म्हणते. स्नायू काय खातो आणि माणसाला भूक कोण लावतं, या दोनच प्रश्नांत त्यांचं आयुष्य गेलं. तरुणपणी बेडकाच्या मांडीचा स्नायू तारेला बांधून त्याला विजेचा झटका देत बसायच्या. पुढे उंदीर पाळले, त्यांचं खाणं तोलता तोलता केस पांढरे झाले. आणि आता त्यांनाच भूक लागत नाही.

"बाहेरून खाणं आलं नाही की शरीर घराच्याच तुळया विकायला काढतं," दंडाची लोंबती कातडी चिमटीत धरून त्या सांगायच्या. जणू तो दंड दुसऱ्याच कुणाचा. मी त्यांची बाही खाली ओढायचे.

उपाय त्यांना उंदरांनीच शिकवला होता. एकटा उंदीर कमी खातो. शेजारी कुणी कुरतडत असलं की पोट भरलेलं असूनही तोंड घालतो. म्हणून दुपारी मी ताट घेऊन समोर बसायचं. मी घास घेतला की त्या घेत. "मी उंदीर, तू शेजारीण," म्हणून हसायच्या. मला हसू यायचं नाही. माझ्या जेवणाला दुसऱ्याचा जीव टांगलेला. भूक नसली तरी जेवायचं, आजारी पडायचं नाही, कुठं जायचं नाही. बरं, तक्रार कुठल्या तोंडाने करू? मला टायफॉइड झाला तेव्हा याच बाईंनी उशाशी बसून चमच्याने पेज पाजली होती.

गेल्या रमजानात पंचाईत झाली. माझा रोजा, म्हणजे माझं दुपारचं ताट बंद. त्याबरोबर त्यांचंही. मग मी सोंग घेतलं. ताट वाढून घेतलं, रिकामा हात तोंडाशी नेला, गाल हलवले.

मॅडम चष्म्यावरून बघत राहिल्या. "गळा हलत नाही तुझा."

"आवं मॅडम, खातेय की."

"चावायचं नाटक जमतं गं, गिळायचं नाही. स्नायूंनी मला आजवर फसवलं नाही, तू काय फसवणार?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपलं दुपारचं जेवणच मगरिबवर, सूर्यास्ताच्या नमाजावर ढकललं. खजूर हातात धरून माझ्याआधी खिडकीशी बसायच्या, अजानकडे कान लावून. रमजानभर बऱ्या जेवल्या. मी मात्र आणखीच अडकले.

आईचा फोन आला. "ईदला तरी येतीस का न्हाई? मॅडम हाय का सासू तुजी?"

"कशी येऊ गं? त्या जेवत न्हाईत माझ्याबिगर."

"मग आमी कुणाबिगर जेवायचं?"

मॅडमनी ऐकलं असावं. "जा," म्हणाल्या. "एका दिवसात कुठलाही स्नायू मरत नाही. हे मी शास्त्र म्हणून सांगते." शेजारच्या काकूंना किल्ली देऊन, मॅडमचं जेवण झाकून मी ईदच्या सकाळी पहिली गाडी धरली.

घरी आईने शीरखुर्म्याची वाटी पुढ्यात ठेवली. मी आधी व्हिडिओ कॉल लावला. काकूंनी मोबाईल मॅडमसमोर धरला. ताटात भात कालवलेला. मॅडम मजेत बोलत होत्या, मध्येच हात तोंडाशी नेत होत्या, गाल हलवत होत्या.

"बघ, जेवतेय ना?"

मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते.

"मॅडम, गळा हलंना तुमचा."

मग हातानेच खूण करून त्यांनी मोबाईल बाजूला करायला लावला.

माझी वाटी निवत चालली. आई उठून आत गेली. रागावली असं वाटलं. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली ती शीरखुर्म्याने भरलेला स्टीलचा डबा फडक्यात बांधतच.

"सासूच हाय ती तुजी. जा. पर आदी माझ्यापुढं खा. मला बी बघू दे गिळतीस का."

मी खाल्लं. ती समोर बसून माझ्या गळ्याकडे बघत राहिली.

विट्याला गाडी बदलली. खिडकीची जागा मिळाली, तरी कोंडल्यासारखं होत होतं. मांडीवरचा डबा अजून कोमट होता. तो निवायच्या आत पोचायला हवं, एवढंच डोक्यात.