कुंडी लागली

रजया काढायला पेटी उघडली, की सागाचा वास येतो आणि माझा हात आपोआप झाकण धरून ठेवतो.

बाबांनी ती घरीच बनवली. अंग पिवळ्या सागाचं, पट्ट्या काळ्या शिसमच्या. सात वर्षांची मी गंमत म्हणून आत बसले आणि झाकण पडून बाहेरून अडकलं. "काकू, कुंडी लागली!" मी ओरडले. आम्हा इंदूरकरांची कुंडी म्हणजे कडी. काकू साताऱ्याहून नवीनच आलेली; तिला वाटलं, मला फुलझाडाची कुंडी लागली. तिची पावलं अंगणाकडे धावली. दूर जाताना ऐकू आली, मग नुसता माझाच श्वास.

शेवटी बाबांनी उघडलं. किस्सा सांगताना पुढे तेही हसायचे. पण हवेसाठी त्याच संध्याकाळी त्यांनी पाडलेली चार भोकं वाकडी आहेत. अख्ख्या पेटीत तेवढंच काम वाकडं.