कपाटामागची भिंत

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणणाऱ्याने आपल्या घराला तेलाचा रंग कधी लावून घेतला नसणार. नाहीतर तेही त्याने म्हणीत घातलं असतं. बांधताना घर निदान रिकामं तरी असतं. रंग लावायचा म्हणजे भरल्या घरातली एकेक वस्तू उचलून बाहेर काढायची, आणि तिच्यामागे इतकी वर्षं काय होतं ते बघायचं.

रानातल्या नंदिगड्ड्याच्या त्या घरात मी दुसरेपणाची आले. आमचे हे लाकडाचे कंत्राटदार, मूळ खानापूरकडचे. पहिली तापाने गेली, एवढंच माझ्या माहेरी सांगितलेलं. त्या रानात तापाने जाणाऱ्यांचा तोटा नव्हता, त्यामुळे कुणी खोदून विचारलं नाही. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. ती असती तर तिने नक्की विचारलं असतं, असं मला पुढे फार वाटलं. घरात आम्ही तिघंच: हे, मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्ती म्हणायची. ताठ बाई. सगळं घर त्यांच्या हुकमावर चालायचं आणि मीही चालायची, फक्त तोंड बंद ठेवून चालणं मला कधी जमलं नाही.

आमच्याकडे दिवाळीच्या आधी घरचेच लोक भिंतींना चुना मारत. पण यांनी बेळगावच्या कॅम्पात कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यात तेलाचा हिरवा रंग बघितला आणि घरी आल्यापासून दुसरं बोलेनात. भिंत म्हणे पाण्याने पुसता येते. मला तेव्हा सातवा लागला होता. आई नाही म्हणून माहेरी जायचा प्रश्नच नव्हता, बाळंतपण इथेच व्हायचं होतं, स्वयंपाकघराला लागून असलेल्या आतल्या खोलीत. रंगाचा वास जायला वेळ लागतो, म्हणून आधी तीच खोली रंगवायची असं ठरलं.

रंगारी बेळगावचा. लोंढ्यापर्यंत रेल्वेने आणि तिथून आमच्या गाडीतून डबे सांभाळत आला. बडबड्या माणूस, आमच्या कॉफीला पहिल्या घोटातच नावं ठेवली. खोलीत शिरून त्याने चारी बाजूंना मान फिरवली आणि मला म्हणाला, "वैनी, रंग लावणं सोपं हाय. खोली तयार करणं हेच खरं काम. हितं काय सुदीक ठिऊ नका. खिळा, खुंटी, फोटो, सगळं काढायचं. भिंत उघडी दिसाय पायजे मला."

मग आम्ही भिंत उघडी करायला लागलो. पेटारा गेला, पलंग गेला, जातं गेलं, देवांच्या तसबिरी गेल्या. स्वयंपाकघरातला धूर त्या खोलीत येत असे आणि माझ्या येण्याआधीपासून तिला कुणी चुना मारला नव्हता, त्यामुळे भिंती चहासारख्या झाल्या होत्या. आरसा काढला तिथे आरशाएवढा पांढरा चौकोन उरला. लुगडी टांगायची दांडी काढली तिथे दांडीची पांढरी रेघ उरली. मी दोन वर्षं त्या घरात नांदत होते, पण त्या सगळ्या जागा माझ्या येण्याआधी कुणीतरी ठरवलेल्या होत्या. कुणी, ते मला त्या पांढऱ्या चौकोनांकडे बघताना पहिल्यांदा जाणवलं.

काढलेलं सामान बाहेरच्या सोप्यात ठेवलं आणि धूळ बसू नये म्हणून जुन्या लुगड्यांनी झाकलं. ती लुगडी माझी नव्हती, आत्तींचीही नव्हती. संध्याकाळी दिवा लावायला गेले की वाटे, पदर डोक्यावरून ओढून बायका गप्प बसल्यात. मी स्वतःलाच हसायची. पण आत्ती सोप्यातून जाताना भिंतीच्या कडेकडेने जात, हे मी बघितलं होतं.

खोलीत शेवटी राहिलं ते सागवानी कपाट. आत्ती त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "ह्ये ऱ्हाऊंदे. मागं कोण बघाय जातंय?"

रंगाऱ्याने जीभ चावली. "आव्वा, असं कसं? मागं वल असंल तर रंग फुगंल. मग म्हणशिला, बेळगावचा रंगारी फसवून गेला."

"फुगंना का!" आत्ती म्हणाल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची असं त्यांना तेव्हा वाटत असणार. पण यांच्या डोक्यात साहेबाचा बंगला शिरला होता. यांनी दिग्गीकडून आलेले लाकूडतोडे गडी बोलावले आणि कपाट हलवलं. आत्ती परसात निघून गेल्या.

मागची भिंत पांढरीस्वच्छ होती, नवी असताना असेल तशी. त्या पांढऱ्या भिंतीवर ओरखडे होते. उभे, लांब, एकाशेजारी एक, वरून खाली आलेले. चुन्याचा गिलावा खरवडून पार आतली लाल माती दिसत होती. "उंदीर," रंगारी म्हणाला. एक गडी बाहेर गेला आणि पुन्हा त्या खोलीत आला नाही. हे म्हणाले, लाकूड घासलं असेल.

सगळे गेल्यावर मी तिथे उभी राहिले. ओरखडे माझ्या कमरेच्या उंचीवर होते. पलंग पूर्वी या भिंतीला लावलेला असता, तर त्यावर निजलेल्या माणसाचा हात बरोबर तिथे पोचला असता. मी बोटं लावून बघितली. चारी बोटं चार खाचांत बसली. पोटातलं मूल त्या क्षणी असं हललं की मी हात मागे घेतला.

रंगाऱ्याने खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून लांबी केली आणि चिरा, खिळ्यांची भोकं, ते ओरखडे सगळं भरून भिंत सपाट केली. संध्याकाळी हात फिरवला तर काही लागत नव्हतं. सकाळी बघते तर खिळ्यांची भोकं बुजलेली आणि ओरखडे मात्र परत वर आलेले, पहिल्यापेक्षा बारीक, पण एकूण एक. "लांबी बसली," रंगारी म्हणाला. "खोल असलं की वाळताना आत वढून घेती." त्याने पुन्हा भरलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तो सांगत होता ते खरंच असणार, तेल वाळलं की लांबी आकसते. पण त्याचीही बडबड त्या दिवशी बंद झाली. मी पहाटे उठून आधी त्या भिंतीशी जायला लागले. जायचं नाही असं ठरवून झोपायची आणि तरी जायची.

ताप आलेलं माणूस भिंत ओरबाडतं का? मी यांना सरळ विचारलं. हे पान जुळवत होते. म्हणाले, "मी तेव्हा रानात होतो." पालथ्या घड्यावर आणखी पाणी घालण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा रानात गेले.

त्याच दिवशी रंगारी दाराच्या चौकटीला लागला. चौकटीवरचं जुनं तेल आणि मळ खरवडून काढायचा आणि वाळूच्या कागदाने घासायचं. उंबऱ्यावर हळदीकुंकवाचे थरच्या थर चढले होते. ते निघाले तसं मधोमध लोखंड दिसलं. जाड डोक्याचा खिळा, गाडीच्या धावेला मारतात तसला, मुळापर्यंत ठोकलेला. रंगाऱ्याने पक्कड उचलली आणि मागून आत्ती किंचाळल्या, "हात लावू नगो त्येला!"

मी त्यांना तशा आवाजात कधी ऐकलं नव्हतं. रंगारी पक्कड टाकून उठला. मी खिळ्याकडे बघितलं आणि मला सगळं समजलं. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला समजलं असतं. बाळंतपणात गेलेली बाई घरासाठी परत येते असं मानतात. म्हणून तिला बाहेर काढलं की त्या खोलीच्या उंबऱ्यात खिळा ठोकतात आणि तिच्यामागे वाटभर राळे टाकत जातात. राळ्याचा दाणा न् दाणा वेचल्याशिवाय तिला वाट चालता येत नाही, आणि चालून आलीच तर खिळा ओलांडता येत नाही. तापाने गेलेल्या बाईसाठी कुणी खिळा ठोकत नाही.

म्हणजे ती इथे, या खोलीत, अडून मेली होती. आणि दोन महिन्यांनी याच खोलीत मला आडवं व्हायचं होतं. मी फार भ्याले. भुताला भ्याले की माझ्यामागे उभ्या असलेल्या जिवंत बाईला, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. रंगाऱ्याला मी बाहेर बसायला सांगितलं आणि आत्तींना म्हटलं, "आता खरं सांगा."

आत्ती उंबऱ्याच्या बाहेरच बसल्या. कुंकवाचं ते खरवडलेलं गोळा करायला लागल्या.

"ताप न्हवं," त्या म्हणाल्या. "अडली हुती. ती आन् सुईण आत, मी भाईर. बाळंतिणीला वारं लागाय नगो म्हणून आमच्यात दार लावून घेत्यात. खिडकीत सुदीक चिंध्या कोंबल्या हुत्या. ती म्हणायची, जीव घुसमटतोय, दार उघडा. मी भाईरनं कडी घातली. सुईण बी म्हणाली, उघडू नगो. उघडलं असतं तर जगली असती का, मला म्हाईत न्हाई. पर शेवटपातूर एकच म्हणत हुती. आत्ती, दार उघडा."

मीही त्यांना आत्तीच म्हणत होते.

"आणि मग तिच्या भीतीनं खिळा ठोकलात?"

"ती आली तर तिला काय तोंड दावू मी?" आत्ती म्हणाल्या.

मला त्यांची दया आली आणि रागही आला, राग जास्त. मी म्हटलं, "माझ्या वेळी दार उघडं राहील आणि हा खिळा आज निघेल. नाहीतर मी आत्ता गाडी जुंपायला लावते. बेळगावला मावशी आहे. वाटेत जे व्हायचं ते होवो." त्या अवस्थेत त्या वाटेने जाणं म्हणजे काय, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. आत्ती उठून चुलीपुढे जाऊन बसल्या.

मी रंगाऱ्याला हाक मारली. खिळा निघताना लाकूड लांब करकरलं. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला, पण बाहेर कुणी आलं नाही.

खोली हिरवीगार झाली, हे खूश झाले, रंगारी गेला. चौकटीवर रंगाचे थर चढल्याने दार जागेवर बसेना, वीतभर उघडंच राही. सुतार बोलावून तासून घेऊ, हे म्हणाले. मी नको म्हटलं. आत्ती माझ्याशी कामापुरतं बोलत. रोज तिन्हीसांजेला त्या अंगणापासून खोलीपर्यंत राळे टाकत आणि सकाळी आमच्या कोंबड्या ते टिपून मस्त होत. एरवी मी यावरून त्यांना आठवडाभर चिडवलं असतं. पण दुपारी त्या खोलीत एकटी पडले की दाराची ती फट माझ्याकडे बघते आहे असं वाटे आणि हसू येत नसे. वारा नसताना दार हले. मी कूस बदलत नसे. भिंतीकडे पाठ करावी की दाराकडे, ते ठरत नसे.

मला कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी, हे रानात असताना. सुईण आली. तिने सवयीने दार ओढलं, ते बसेना, म्हणून बाहेरून ओढून कडी घाला असं सांगितलं. तेव्हा आत्ती आल्या. त्यांनी दार भिंतीपर्यंत उघडलं आणि उंबऱ्यावर मधोमध मांडी घालून बसल्या. मला वाटलं, या माझ्यासाठी नाही बसल्या. खिळा नाही म्हणून त्याच्या जागी बसल्यात.

मुलगी झाली आणि आम्ही दोघी जगलो. पण त्याआधी रात्र पडली तरी काही पुढे सरकत नव्हतं. सुईण गप्प झाली होती आणि मला कळत होतं की मी चालले. मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. मान वळवली तर आत्ती माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या बाहेर, स्वयंपाकघराच्या अंधाराकडे बघत होत्या. त्यांनी जमिनीवर पसरलेला पदर गोळा करून मांडीवर घेतला, आणि वाटेत बसलेली बाई कुणाला जायचं असलं की सरकते, तशा त्या एका अंगाला सरकल्या.

"ये गे," त्या म्हणाल्या. "आत ये. तिच्याजवळ बस."

दारात मला कुणी दिसलं नाही. पण मूल होईपर्यंत आत्ती त्या अरुंद कडेला चौकटीत अंग चोरून बसून राहिल्या, आणि मधली जागा त्यांनी मोकळीच ठेवली.