सिमेंट खाल्लेले काका

भेगांना इतका जीव लावणारा माणूस मराठवाड्यातच काय, जिथे जिथे भिंती आहेत तिथे कुठेही सापडणार नाही. आमच्या एम.टेक.च्या बॅचमध्ये सहाजण तेवीस-चोवीस वर्षांचे होते आणि सातवे काका, पंचावन्न वर्षांचे. बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना लांब रजा टाकून नांदेडला आमच्या कॉलेजात मातीचा अभ्यास करायला आले. पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले तेव्हा सर आले समजून आम्ही उभे राहिलो. आपल्यामागून कोण आलं म्हणून काकाही वळून पाहू लागले. मग म्हणाले, "बसा, बसा. मी बी तुमच्यातलाच हाय." बसण्याआधी मात्र त्यांनी खिडकीखालची एक बारीक भेग बोटाने चाचपून घेतली. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे अशा गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत.

त्यांच्या वयाची माणसं शर्टाच्या ज्या खिशात तंबाखूची डबी ठेवतात, त्या खिशात काकांची काचपट्ट्यांची डबी असे. भेग दिसली की तिच्यावर आडवी एक पट्टी दोन्ही टोकांना चिकटवायची आणि शेजारी पेन्सिलीने तारीख घालायची. भिंत अजून हलत असेल तर काच तडकते. काच शाबूत राहिली तर बिनघोर झोपा. शास्त्र एवढंच, पण काका ते कुठेही करत. कॅन्टीनमध्ये, बसस्टँडवर, आणि माझ्या ताईच्या साखरपुड्यातसुद्धा. लातूरला आमच्या घरी निलंग्याची वरपक्षाची मंडळी सतरंजीवर बसली होती. काकांनी आईला नमस्कार केला, पेढा तोंडात टाकला आणि नवरदेवाच्या आजोबांच्या डोक्यावर पाहत म्हणाले, "आजोबा, जरा सरका. ही भेग चालू हाय का बंद, बघू द्या." आमचा जिल्हा भूकंप पाहिलेला. आजोबा एकटे सरकले नाहीत, अख्खा वरपक्ष चपला न घालता अंगणात गेला. साखरपुडा अंगणातच झाला. "अहो, काळी माती हाय. उन्हाळ्यात आकसती, पावसाळ्यात फुगती. भिंत बिचारी काय करील?" असं काका प्रत्येकाला समजावत होते आणि प्रत्येकजण मान डोलवत आणखी एक पाऊल मागे जात होता. आईने त्यानंतर महिनाभर त्यांचं नाव घेतलं नाही. जाळी काढताना त्यांनी त्या भेगेवर चिकटवलेली काच मात्र झाडूने चुकवत राहिली.

काकांचा आणि माझा एक करार होता. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, पण वर्गात उभं राहून शंका विचारायची म्हटलं की माझा घसा कोरडा पडे. काकांचा घसा खणखणीत, पण इंग्रजी लिहायचं म्हटलं की हाताला घाम. मी माझी शंका त्यांच्या वहीत लिहायची आणि त्यांनी ती वाघासारखी विचारायची. त्यांनी मराठीत सांगायचं आणि मी ते इंग्रजीत उतरवायचं. माझ्या शंकांमुळे काका फार हुशार आहेत असा सरांचा समज झाला होता. तो आम्ही दोघांनीही कधी दूर केला नाही.

या वयात ही हौस कशासाठी, ते मला त्यांच्या गावी गेल्यावर कळलं. गाव बिलोली तालुक्यात. नाव सांगत नाही, आणि का ते पुढे येईलच. नोकरी लागल्यावर काकांनी उभं केलेलं पहिलं काम म्हणजे तिथलं वाचनालय. काही वर्षांतच त्याची एक भिंत खिडकीपासून स्लॅबपर्यंत फाटली आणि गावाने एका सकाळीत निकाल दिला, की साहेबाने सिमेंट खाल्लं. आता ग्रामपंचायत ते पाडणार होती. पुस्तकं पोत्यात भरून झाली होती. पाडण्याआधी भिंत का फाटली हे कळलं नाही, तर इमारतीबरोबर काकांचं नावही कायमचं मातीत जाणार होतं.

आम्ही पोचलो तेव्हा वाचनालयाशेजारच्या कडुलिंबाखाली अर्धं गाव बसलं होतं.

"आलं का साहेब! सिमेंट पचलं का न्हाई अजून?"

"न्हाई ना," काका म्हणाले. "म्हणून तर औषध शिकून राहिलो."

सगळे हसले, काकाही हसले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या फक्त मी पाहिल्या.

भिंतीच्या दोन्ही बाजूंना खोल खड्डे घेऊन आम्ही मातीचे नमुने नळकांड्यांत भरले आणि तोंडं मेणाने बंद केली. असा नमुना जमिनीत होता तसाच राहावा लागतो, त्याला धक्का लागून चालत नाही. काका एसटीत नळकांडी मांडीवर घेऊन, वर उपरणं घालून बसले.

"बाबा, लेकरू आजारी हाय का?" कंडक्टरने विचारलं.

"आजारी न्हाई, नाजूक हाय. ड्रायव्हरला सांगा, खड्डे चुकवा म्हणावं."

"खड्डे चुकवले तर रस्ता उरत न्हाई, काका."

लॅबमध्ये उत्तर दोन दिवसांत मिळालं. लिंबाकडची माती खोलवर कोरडी ठक्क होती आणि पलीकडची ओलसर. लिंबाची मुळं पायाखाली शिरून उन्हाळाभर पाणी पीत होती. तेवढ्या बाजूची माती आकसत होती आणि तिच्यावरची भिंत खचत होती. काँक्रीटचा तुकडा आम्ही आधीच तपासला होता, त्यात काही खोट नव्हती. काकांनी वजनं तीनदा घेतली आणि मग स्टुलावर बसून राहिले.

मीच म्हणाले, "काका, आता गावाला सांगता येईल."

"लिंब आईनं लावलेला हाय, ताई. भीमजयंतीला उद्घाटन होतं. तिला वाचता येत न्हवतं. म्हणली, मी काय वाचू, मी झाड लावते. दोन उन्हाळे घागरीनं पाणी घातलं तिनं." मग म्हणाले, "खरं सांगितलं की दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड. मग बसतील कुठं सगळे? तू इंग्रजीत लिही. लई चांगल्या इंग्रजीत लिही. गावात कुणी वाचणार न्हाई."

मी लिहिलं. आयुष्यात इतकं चांगलं इंग्रजी मी पुन्हा लिहिलेलं नाही. काकांच्या प्रबंधाला शाबासकी मिळाली आणि तो कॉलेजच्या कपाटात गेला.

काकांनी ग्रामपंचायतीकडे एकच मागणी केली, की भेगेवर काच लावतो, दोन उन्हाळे थांबा, काच तडकली तर खुशाल पाडा. मग लिंब आणि भिंत यांच्यामध्ये खोल चर खणून घेतला, पायाकडे जाणारी मुळं तेवढी तोडली आणि चर काँक्रीटने भरला. लिंबाची एक बाजू त्या वर्षी विरळ झाली, पण तो जगला. लिंबाखालची मंडळी म्हणाली, "बघा, खाल्लेलं सिमेंट परत करून राहिला." काका चरातूनच ओरडले, "हाव, पचलंच न्हाई शेवटी!"

आता ते निवृत्त आहेत. मी नोकरीसाठी लांब आले आहे. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येई. "जयभीम ताई. काच शाबूत हाय." बस, एवढंच. दुसरा उन्हाळा सरल्यावर फोन यायचा थांबला, म्हणून मी घाबरून गावी गेले. काकांना काही झालं नव्हतं. काच शाबूत होती, पुस्तकं पोत्यातून कपाटात गेली होती आणि मग काकांकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. नुसतं कशी आहेस म्हणून विचारायला फोन करतात, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मलाही ते येत नाही.

लिंबाखाली एकजण मोठ्याने पेपर वाचत होता. तो थांबून म्हणाला, "कुणाकडं आलीस, पोरी? त्या सिमेंट खाल्लेल्या साहेबाकडं का?"

माझा घसा त्या वेळी कोरडा पडला नव्हता. सगळं वाक्य तयार होतं, तेही मराठीत. काका वाचनालयाच्या दारात उभे राहून माझ्याकडे पाहत होते, आणि डोक्यावर विरळ झालेली फांदी पुन्हा भरत आली होती.

"हो," मी म्हणाले. "त्यांच्याकडेच."