निल्लु म्हणजे काय

शनिवारी संध्याकाळी चेन्नईजवळच्या कोवळमला पाण्यात पडले. गुडघा आता भरत आलाय, पण डोकं तापलंय ते काही उतरत नाही.

आमच्या सिरुसेरीच्या ऑफिसची सात जणांची टीम आउटिंग होती. लांबलचक फळीवर उभं राहायचं, हातात एकच वल्हं, आणि खडकांच्या आडोशाला शांत पाण्यातून किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं... पॅडलबोर्डिंग म्हणतात त्याला. सूर्य मात्र इथे जमिनीच्या बाजूला, माडांमागे मावळतो. मी मालवणची, मला ते अजूनही उलटंच वाटतं.

आमचे गाइड अंतोणी अण्णा. पन्नाशीचे, जन्म मासेमारीत गेलेला. आधी गुडघ्यांवर बसून वल्हवा, मी सांगितल्यावरच उठा, एवढंच त्यांनी खुणांनी समजावलं होतं.

मी जरा जोरात वल्हवत पुढे गेले. मालवणची ना, समुद्र मला कोण शिकवणार... तेवढ्यात मागून अण्णांची हाक आली, “निल्लु म्मा, निल्लु!”

माझं तमिळ म्हणजे मुलीच्या शाळेतलं. तिथे मिस म्हणतात, ‘एळुंदु निल्लु’, की वर्ग उठून उभा राहतो. म्हणून मीही उठले. फळी डुचमळली आणि मी पाण्याखालच्या खडकावर आपटले.

अण्णांनी उडी मारून मला ओढून काढलं आणि मग जे झापलं, ते विचारू नका. सांगितलेलं ऐकत का नाहीस, असं काहीतरी. मी खोकत होते, आणि मनातून चिडलेही होते. स्वतःच उभं राहा म्हणतात आणि वर ओरडतात?

आमचा टीम लीड समीर पुण्याचा. त्याला तमिळमधलं ‘नी’ म्हणजे ‘तू’ एवढंच कळतं. अण्णांच्या तोंडून तेच ऐकून, हा माणूस लेडीजना अरेतुरे करतो, अशी तक्रार करायला त्याने किनाऱ्यावरूनच त्यांच्या मालकाला फोन लावला. मालकाने अण्णांना तिथल्या तिथे उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. अण्णा फळ्या धुवत राहिले. आम्ही सातही जण बघत होतो.

रविवारी हे सगळं शेजारच्या सरोजाक्कांना सांगितलं. त्या तंजावरच्या मराठी, तीन पिढ्या इथल्याच. त्यांनी शांतपणे विचारलं, “अगं, बस सुटली की ‘निल्लु निल्लु’ करत धावतीस. तेव्हा बस काय उठून उभी राहते?”

निल्लु म्हणजे उभं राहा. आणि निल्लु म्हणजे थांबसुद्धा. पुढे खडक आहे, थांब, एवढंच तो माणूस जीव तोडून सांगत होता.

सोमवारी समीरला सांगितलं, तर म्हणे, “सोड ना, पण टोन चुकीचाच होता.” टोन? बुडणाऱ्या माणसाला अहो-जाहो करत कोण हाक मारतं रे? मालकाला फोन केला, तर तो म्हणे, तक्रार सगळ्या ग्रुपची आहे, तुमच्या एकटीच्या सांगण्याने काय होणार...

काल एकटीच कोवळमला गेले. अण्णा वाळूत जाळं शिवत बसले होते. वाटेत पाठ केलेलं तमिळ मी म्हणून दाखवलं... तप्पु एन्नोडदु, चूक माझी होती. त्यांनी वर बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला तो माझ्या गुडघ्याचा. मला तिथे उभं राहवेना.

राग समीरचा आहे, मालकाचाही आहे. पण सगळ्यात जास्त माझाच आहे. थांबायचं तेव्हा मी उभी राहिले, आणि अण्णांच्या पाठीशी उभं राहायचं तेव्हा गप्प बसले.

मालकाला द्यायचं पत्र लिहून ठेवलंय. सात सह्या हव्यात. पहिली मी केली आहे. समीर, तू हे वाचतोयस मला माहीत आहे... दुसऱ्या सहीची जागा तुझ्यासाठी सोडली आहे.