अक्काचा गठ्ठा अर्धा राहणार नाही

अक्का आज सकाळी गेली आणि दुपारपर्यंत 'थोर शिक्षणसेविका' झाली.

काल संध्याकाळपर्यंत ती "झेरॉक्सवाली" होती. शिरपूरला स्टँडच्या मागे, एका मशीनचं दुकान.

तुमचे स्टेटस बघितले मी. बठ्ठे, एकूण एक. गुलाबाची फुलं, दिवा, जोडलेले हात.

शिक्षण खात्यातल्या एका साहेबांनी तर तिच्यासोबतचा फोटो टाकलाय. साहेब, त्या फोटोच्या दिवशी तुम्ही तिच्या कागदांना काय म्हणाला होतात, ते मी सांगते. थांबा जरा.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी.

अक्का लहान पोरांसाठी वर्कशीट बनवायची. हाताने. ठिपक्यांची अक्षरं गिरवायची, चित्रं मोजून आकडा लिहायचा, दोन ओळी वाचून उत्तर द्यायचं. पहिली-दुसरीचं.

मास्तर लोक झेरॉक्सला जे कागद आणायचे त्यांच्यावर सफरचंद असायचं, जहाज असायचं. अक्का मशीनमधून कॉप्या काढता काढता म्हणायची, "आपला पोरेस्नी जहाज देखेल शे का?"

मग तिने स्वतःच काढायला घेतलं. मोहाची फुलं, बैल, कोयता, चूल.

आमची गावं सातपुड्याच्या पायथ्याची. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं, पोरांसकट. शाळा इकडेच राहते.

म्हणून अक्का गठ्ठा द्यायची. सुतळीने बांधलेला. जितके दिवस तोड, तितके कागद. रोज एक.

माझ्या आईला वाचता येत नाही. तिच्यासाठी तो गठ्ठा म्हणजे कॅलेंडर होतं. कागद सरले की घर.

पाचटाच्या कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, तो पिठाच्या डब्यावर टांगलेला असायचा. बाया एकमेकींना विचारायच्या, "तुना कितला कागद ऱ्हायनात?"

मी तेव्हा दुसरीत. एका जागी बसवत नाही, हे तेव्हापासूनच. आजवर सुरत झालं, धुळे झालं, जळगावला मेहरूणला एका मेसमध्ये सहा महिने वांगी भाजली. तिथलं भरीत म्हणजे... ते जाऊ दे.

तर मी तो सगळा गठ्ठा दहा दिवसांत संपवला.

आणि आईला सांगितलं, "कागद सरनात. घर चाल."

आईने भांडी बांधायला घेतली. खरंच. तिचं बघून शेजारच्या दोघींनीपण.

मुकादम धावत आला. "काय वं, कोठे निघन्यात?"

कळल्यावर अख्खी टोळी हसली. आई नाही हसली. तिने गाठोडं सोडलं, भांडी एकेक करून परत मांडली.

गावी परतल्यावर ती थेट दुकानात. "अक्का, तुना कागदस्नी आम्हले फसाडं."

अक्काने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, बसली आता कानाखाली.

"इतला कागद दहा दिनमा? भिंगरी शे का वं तू?"

तेव्हापासून मी भिंगरी.

पुढच्या वर्षीचा गठ्ठा मात्र मला लवकर संपवताच येईना. त्यात असं असायचं:

"आज आईने किती मोळ्या बांधल्या? तेवढ्या रेघा मार."

"आज चंद्र केवढा आहे? काढ."

"आज गाडीवर कोण बसलं होतं? नाव लिही."

उद्याचा चंद्र आज कसा काढणार? रोज बसावंच लागलं. मी लिहायला-वाचायला शिकले ती अशी. आठवीनंतर शाळा सोडली, ती माझी चूक. अक्काची नाही.

आता साहेब, तुमचं.

शाळेत कार्यक्रम होता. तुम्ही तिचा कागद वर धरून म्हणालात, "मोळ्या मोजायला शिकवता? अशाने ही पोरं उसातच राहतील."

अक्का म्हणाली, "साहेब, तुम्ही सफरचंद आना. त्या बी मोजतीन."

सगळे हसले. तुम्हीपण हसलात, फोटो काढलात. आणि आठवड्याने शाळेत निरोप आला, बाहेरचे कागद वाटायचे नाहीत.

तिने शाळेत वाटणं बंद केलं. टोळीचा ट्रक भरायचा तिथे जाऊन वाटायला लागली. ट्रक काही शाळेचा नव्हता.

आज स्मशानातून येताना कोणीतरी म्हणालं, "आता छापील पुस्तकं देऊन टाकू पोरांना."

नाही द्यायची.

टोळ्या चार दिवसांनी निघतायत. अक्काचा यंदाचा गठ्ठा एकसष्टाव्या कागदावर थांबलाय. पुढचे दिवस कोरे आहेत. ते कोरे जाणार नाहीत.

मी तिच्या दुकानात, तिच्या खुर्चीवर बसलेय. तिच्या भाच्याने अर्धं शटर उघडलंय. सुतकात दुकान उघडलं म्हणून समोरचे बघतायत. बघू द्या.

पहिले तीन कागद लिहून त्याच्या हातात दिले. तो म्हणाला, "भिंगरे, निळा पेन मशीनवर पुसट येतो. अक्का काळ्यानेच लिहायची." तिन्ही फाडले. पुन्हा बसले.

माझं अक्षर घाण आहे. माझा बैल कुत्र्यासारखा दिसतो. ज्याला हसायचं त्याने हसावं, ज्याला तक्रार करायची त्याने करावी. मी कुठल्या साहेबाला दाखवून घेणार नाहीये.

या पोस्टखाली हात जोडू नका. बैल काढता येत असेल तर दुकानात या. काळा पेन घेऊन.

अक्का, माझा शेवटचा नमस्कार. जा तू निवांत.

गठ्ठे ट्रकवर चढेपर्यंत मी इथून उठत नाही.